देवासाठी फोडलेली भिंत

घर बघायला आलेला माणूस आधी नळ सोडून बघतो. मग स्टेशन किती लांब, बाजार कुठं, शेजारी कोण, सोसायटीत मच्छी चालते का, हे सगळं विचारून घेतो. बाळा राऊळनं यातलं काहीच विचारलं नाही. अंधेरीच्या दलालानं मोठ्या हौसेनं गॅलरीचं दार उघडून दाखवलं, तर हा गृहस्थ कठड्यावरून खाली वाकला आणि म्हणाला, "गल्ली पुढं बंद आहे ना?"

दलालाला वाटलं, म्हातारा भाव पाडायला खोड काढतोय. तो घाईनं म्हणाला, "आता बंद आहे काका. पण उघडेल ना कधीतरी. मागं एमआयडीसी आहे, रस्ता निघायचाच." हे ऐकून बाळाचा चेहरा पडला. तो चपला घालायला लागला. तेव्हा दलालानं पवित्रा बदलला. "काका, मी आपलं बोललो हो. कोण उघडतंय? पलीकडं नुसतं गवत आणि तळं. ही भिंत तुमच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत अशीच राहणार, लिहून देतो." बाळाला नातवंडं होणार नव्हती, पण ते दलालाला कुठं ठाऊक होतं? बाळानं चपला परत काढल्या.

बाळा राऊळ मूळचा सावंतवाडीकडचा. सारी उमर गिरणीत फिटर म्हणून काढली आणि संपाच्या आधी वर्षभर निवृत्त झाला, म्हणून हिशेबाचे पैसे तरी हाताला लागले. लालबागला रस्त्याला लागून तळमजल्याची खोली होती. दार उघडलं की फूटपाथ, फूटपाथ संपला की बस, लॉरी, हातगाडी. त्या खोलीत त्याचा संसार झाला आणि त्याच खोलीत शकू जन्मली. शकू आता तेवीस वर्षांची होती, दोन वेण्या घालायची आणि अक्कल सहा वर्षांच्या पोरीची. स्वभाव गोड. कुणी हाक मारली की निघाली, कुणी हसलं की मागं गेली. लालबागच्या त्या दारात शेवंतीनं, म्हणजे तिच्या आईनं, वीस वर्षं तिचा हात धरून ठेवला होता. चाळीतल्या बायका म्हणायच्या, शेवंती डाव्या हातानं भाकरी थापते. अगदी खरं नसेल, पण फार खोटंही नव्हतं.

त्या दोघांना रात्रंदिवस एकच चिंता. आपण आहोत तोवर ठीक, आपल्यामागं हिचं काय? भाऊ-पुतणे होते, पण त्यांच्या मायेचा अंदाज बाळाला एका गणपतीतच आला होता. संस्थेत ठेवायचा विषय निघाला तेव्हा शेवंती दोन दिवस जेवली नव्हती. मग बाळानंच डोकं चालवलं. शकूला कुणी सांभाळायला नको, तिला सांभाळील अशी जागाच शोधू. एक लहानशी गल्ली, जिथं गाडी येत नाही, जिथं सगळे तिला ओळखतात, जिथं ती एकटी दुकानात जाईल, एकटी परत येईल. हळूहळू सवय होईल. आपण गेलो तरी गल्ली कुठं जात नाही. लोक घर घेतात, बाळा राऊळ गल्ली विकत घ्यायला निघाला होता.

शेवंतीला गल्ली दाखवायला आणली तेव्हा तिनं घर बघितलंच नाही. शकूचा हात धरून ती गल्लीत एकदा खाली गेली, एकदा वर आली. तोंडाशी ज्युलियाबाईचं कौलारू घर आणि त्याचा मोठा ओटा. मध्ये एक वाण्याचं दुकान, चार-पाच बैठी घरं, दोन जांभळाची झाडं. शेवटी ही तीन मजली 'रत्नप्रभा', बिल्डरच्या आईच्या नावाची. आणि रत्नप्रभाच्या पुढं काळ्या दगडाची जुनी, पुरुषभर उंचीची भिंत. तिथं गल्ली संपली.

"सोड गो तिचो हात," बाळा म्हणाला.

"हयसर? रस्त्यात?"

"सोड, बघूया."

शेवंतीनं हात सोडला. शकू जागच्या जागी उभी राहिली. आपला हात मोकळा झालेला तिला कळेना. मग ती चालायला लागली, भिंतीपर्यंत गेली, तळवा भिंतीवर ठेवला, मागं वळून आईबापाकडं बघितलं आणि हसत परत आली. शेवंती जांभळाखाली पदर तोंडाला लावून रडली. लालबागची खोली गेली, तिच्या पाटल्या गेल्या, गावच्या काजूच्या बागेतला हिस्सा गेला, पण घर झालं.

पुढची दोन वर्षं अशी गेली की बाळाला कधीकधी भीती वाटायची, एवढं बरं चाललंय, हे कुणाला खुपणार तर नाही ना. शकू दुपारचा चहा झाला की चपला घालायची आणि एकटी निघायची. वाण्याकडं एक पेपरमिंट. मग ज्युलियाबाईच्या ओट्यावर बसायचं. ज्युलिया डिसोजा म्हणजे तिथल्या जुन्या गावठाणातली बाई. तिच्या आज्याची इथं भातशेती होती. साठी उलटलेली, विधवा, गुडघ्यानं अधू. नऊवारी लुगडं नेसून दिवसभर ओट्यावर तांदूळ निवडत बसायची आणि मुख्य रस्त्याकडं जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकावर नजर ठेवायची. शकूचं पाऊल ओट्याच्या पुढं पडलं की ती नुसतं म्हणायची, "शकूबाय, घरा." की शकू वळायची. मग दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला हात लावायचा आणि घरी यायचं. भिंतीला हात लावल्याशिवाय ती कधी जिना चढली नाही. एका टोकाला ज्युलियाबाई, दुसऱ्या टोकाला भिंत. देवानं आणखी काय द्यायला हवं होतं?

पण माणूस देवाकडून घेतो आणि देवाचं करायलाही जातो. तिथंच घोटाळा झाला.

राऊळांचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन भिंतीपलीकडच्या तळ्यात. गॅलरीतून तळं दिसायचं, पण जायचं तर गल्लीतून बाहेर पडून मुख्य रस्त्यानं मोठा वळसा. घरच्या कर्त्या पुरुषानं अनवाणी, डोक्यावर पाट घेऊन चालायचं, मध्ये कुठं टेकवायचं नाही, ही रीत. चौऱ्याऐंशीच्या गणपतीला बाळा असाच मुख्य रस्त्यानं निघाला. पाऊस झोडपत होता. मागून लॉरी आली, हॉर्न वाजवत अंगावरच आली. बाळा बाजूला सरला आणि त्याचा पाय खड्ड्यात गेला. पाट सावरला, मूर्ती सावरली, पण मोदकाचा हात मनगटातून निखळून चिखलात पडला.

तो हात उपरण्यात गुंडाळून बाळानं मूर्तीबरोबरच सोडला. घरी आल्यावर शेवंतीनं तेवढंच विचारलं, "देवाचो हात मोडलो. आता काय होतला?"

"काय होवचा नाय. मातीचीच मूर्ती ती."

असं तो म्हणाला खरा, पण त्या रात्री आणि नंतर कैक रात्री दोघांच्याही मनात एकच आलं. देवानं रागावून काही काढून घ्यायचं म्हटलं, तर आपल्याकडं घेण्यासारखं आहे तरी काय? एक शकू. पुढच्या वर्षी गणपती त्या रस्त्यानं न्यायचा नाही, हे बाळानं तेव्हाच ठरवलं. आणि मग दुसरा रस्ता कुठला? भिंत.

पंच्याऐंशीच्या श्रावणात तो ज्युलियाबाईच्या ओट्यावर जाऊन बसला. भिंत तिच्या आज्यानं बांधलेली, गुरं शेतात शिरू नयेत म्हणून. शेत गेलं, गुरं गेली, कागदोपत्री भिंत कुणाची हे कुणाला माहीत नव्हतं, पण गल्लीत सगळे ती तिचीच मानत.

"ज्युलियाबाय, एक मागायला आलोय. नाही म्हणालात तरी राग नाही."

"बोला ना, राऊळभाव."

बाळानं मोडलेल्या हाताची सगळी हकिकत सांगितली. "माणूसभर रुंद जागा पाडतो. पाट तेवढा गेला पाहिजे. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी मी स्वतः बुजवतो. विटा आणून ठेवतो आधीच."

ज्युलियाबाईनं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "भाव, भित पाडाला एक दीस लागते. परत बांधाला कोन येत नाय."

"मी येईन. शब्द देतो."

"तुमी याल. बाकीचे येऊ देतील काय?" ती म्हणाली. शेवटी तिनं सूप खाली ठेवलं. "आता तुमी देवासाठी मागता. मी नाय कशी बोलू? माझा देव मला काय बोलेल?"

म्हणजे बघा, तिला नको होतं. बाळालाही आत कुठंतरी कळत होतं की तिला नको आहे. पण देवाचं नाव मध्ये आलं आणि दोघांचीही तोंडं बंद झाली.

गणपतीच्या आदल्या दिवशी बाळानं आणि रत्नप्रभाच्या चार तरुणांनी पहार लावून भिंतीत खिंडार पाडलं. त्यांत पुढं होता नंदकिशोर तावडे, सोसायटीचा सेक्रेटरी, बँकेत नोकरीला, हाकेला धावून येणारा मुलगा. विसर्जन असं झालं की बाळाच्या डोळ्यांत पाणी आलं. खिंडारातून बाहेर, गवतातून पायवाटेनं चार पावलं, की तळं. मूर्तीला ओरखडा नाही. शकू टाळ्या वाजवत मागून आली होती, शेवंतीच्या हाताला धरून. बाळानं मनातल्या मनात देवाला म्हटलं, झालं ना तुझ्या मनासारखं? आता आमचं सांभाळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घमेलं घेऊन खाली उतरला तर नंदकिशोर उभा. "काका, घाई काय? पहिल्या मजल्यावरच्या साळवींच्या गौरी आहेत. त्यांनाही इथूनच नेऊ दे ना."

बरोबर होतं. आपल्या देवाला वाट आणि दुसऱ्याच्या गौरीला वळसा, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? गौरी गेल्या. मग मागच्या चाळीचं सार्वजनिक मंडळ आलं, त्यांचा दहा दिवसांचा. ते गेले तर नवरात्र आलं आणि देवीची पालखी. दिवाळीत कुणी म्हणालं, सणासुदीला बांधकाम नको. नाताळच्या सुमारास तर खुद्द चर्चची माणसं, ज्युलियाबाईच्याच नात्यातली, गाणी म्हणत त्या खिंडारातून आली. तेहतीस कोटी देव आणि वर तो एक, सगळ्यांची वाट आता बाळा राऊळनं पाडलेल्या भोकातून जात होती.

आणि देव काय, वर्षातून एकदा जातो. माणसं रोज जायला लागली. पलीकडं एमआयडीसीचा रस्ता, तिथं बसचा थांबा. आधी कारखान्यातल्या बाया आल्या, मग दूधवाला, मग सायकली. कुणीतरी दोन दगड काढून स्कूटरपुरती जागा केली. बाळाच्या विटा भिंतीशी रचलेल्या होत्या, त्यावर बसून पोरं विड्या ओढायला लागली.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी बाळानं कुणाला न विचारता काम सुरू केलं. साठीचा माणूस, पण हात फिटरचे. ओळंबा लावून त्यानं गुडघाभर उंच काम चढवलं. तेवढ्यात कामाला निघालेली माणसं जमली. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. एक म्हातारी पुढं आली, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, आणि हात जोडून म्हणाली, "बाबा, गणपतीची वाट बुजवतोस? तूच पाडलीस ना देवासाठी?"

बाळाच्या हातात थापी तशीच राहिली. उत्तर सोपं होतं. माझी पोरगी आहे, तिला कळत नाही, तिच्यासाठी बुजवतोय. पण ते तोंडाबाहेर पडेना, कारण पाठोपाठ मोडलेला हात डोळ्यांपुढं आला. म्हातारी म्हणते ते खरं असलं तर? देवाची वाट बुजवली आणि देव पुन्हा कोपला तर तो कोपेल कुणावर? त्यानं थापी धुतली आणि वर गेला. ओल्या विटा लोकांनी हलक्या हातानं बाजूला काढून ठेवल्या. वर, चहाला या म्हणाले.

ज्युलियाबाईनं त्याला एका शब्दानं विचारलं नाही. तो ओट्यासमोरून जाताना मान खाली घालायचा.

शकूला आता शेवंती एकटी सोडत नव्हती. पण दोन वर्षांची मोकळीक. दुपारचा चहा झाला की शकू चपला घालून दाराशी उभी राहायची आणि दार उघडलं नाही तर कपाळ आपटायची. मार्चमध्ये एका दुपारी शेवंतीला ताप भरला होता, बाळा औषध आणायला गेला होता. शकूनं कडी काढली.

तिनं नेमानं सगळं केलं. वाण्याकडं पेपरमिंट घेतलं. ज्युलियाबाईच्या ओट्यावर बसली. "शकूबाय, घरा" ऐकून वळली. आणि भिंतीला हात लावायला गल्लीच्या शेवटी गेली. तिची रोजची जागा मधोमध होती, तिथं भिंत नव्हती. भिंत थोडी पुढं असेल, असं तिला वाटलं असावं. ती पुढं गेली.

संध्याकाळपर्यंत गल्लीतला एकूण एक माणूस शोधायला बाहेर पडला होता. नंदकिशोर बँकेच्या कपड्यांत गुडघाभर तळ्यात उतरला. तळ्याकडं बघायची बाळाची हिंमत होत नव्हती, म्हणून तो एमआयडीसीच्या रस्त्यानं सुटला. प्रत्येक फाटकाशी विचारायचा, दोन वेण्या, निळा झगा, पंचवीसची पोरगी बघितली काय? लोक पंचवीसची आणि झगा ऐकून एकमेकांकडं बघायचे. दिवेलागणीला एका कारखान्याच्या मागच्या बाजूला ती दिसली. लांबलचक कंपाउंडच्या भिंतीला तळवा लावून उभी होती. एका पायात चप्पल नव्हती. वॉचमन लांबून दंडुका आपटून तिला हटकत होता आणि ती हटत नव्हती. तिला भिंत सापडली होती, तिनं हात लावला होता. आता वळलं की घर दिसायला हवं होतं, ते दिसत नव्हतं. ती किती वेळा वळली असेल आणि किती वेळा परत हात लावला असेल, देव जाणे. तळवा सोलून निघाला होता.

बाळानं तिला पोटाशी धरलं. ती रडली नाही. त्याच्या कानाशी तक्रार केल्यासारखी म्हणाली, "बाबा, घर खंय गेला?"

त्यानंतर सोसायटीची मीटिंग झाली. बाळा आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत उभा राहून बोलला. म्हणाला, "माझी चूक झाली. भिंत मी पाडली, मला बांधू द्या." सगळ्यांचे डोळे ओले झाले, कुणाचेही कोरडे राहिले नाहीत, खोटं कशाला सांगू. सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं की शकूताईला आम्ही सगळे बघू, तुम्ही काळजी करू नका. आणि चार दिवस बघितलंही.

नंदकिशोर मागं थांबला. त्याला सांगायचं जड जात होतं. "काका, आता भिंत बांधून उपयोग नाही. महापालिकेच्या नकाशात इथून रस्ता आधीपासूनच होता. भिंत होती तोवर कुणाला आठवण नव्हती. माणसं जायला लागली, कुणीतरी अर्ज केला, आता काम मंजूर झालंय." तो खाली बघत म्हणाला, "अर्जावर आमच्याही सह्या आहेत. शकूताई हरवण्याच्या आधीची गोष्ट आहे ही."

पहार बाळानं स्वतः मारली होती. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं गिरणीत कुणाचं काम बिघडलं की ते हसून म्हणायचे. तेव्हा हसू यायचं.

शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर उरलेली भिंत दोन दिवसांत गेली. खडी आली, रोलर आला, जांभळं गेली. गल्लीचं तोंड रुंद करायचं म्हणून ज्युलियाबाईचा ओटा कापला. ती आता आतल्या खोलीत खिडकीशी बसायची. बाळा एकदा गेला, दाराशीच उभा राहिला. "बाय, तुमचा ओटा माझ्यामुळं गेला," असं म्हणायचं होतं, पण म्हणाला नाही. तीच म्हणाली, "शकूबाय येत नाय हल्ली. हिते बसून मना दिसत पन नाय कोन जाते ते."

मग तोच दलाल आला. आता त्याच्याकडं स्कूटर होती. "काका, तुमचं नशीब! रोड टच झालात. बोला, कधी विकायचं? गिऱ्हाईक उभं आहे."

शेवंतीनं त्याला चहा दिला आणि विचारलं, "दुसरी बंद गल्ली मेळतली काय खंय? अशीच?"

दलाल हसला. "काकी, बंद गल्ली आता कुठली? बोरिवलीला, मुलुंडला कुठंही जा. आज बंद असली तरी उद्या उघडणार. मी तर गिऱ्हाइकाला तसंच सांगून विकतो." शेवंतीनं कप उचलला आणि आत नेला.

आता ती दोघं रोज चहानंतर शकूला घेऊन खाली उतरायची. एक हात आईकडं, एक बापाकडं. रस्त्याच्या कडेकडेनं वाण्यापर्यंत जायचं आणि परत. रिक्षा हॉर्न मारत अंगावरून जायच्या. शेवंतीला त्या तापानंतर धाप लागायची. बाळाला एका डोळ्यानं धूसर दिसायला लागलं होतं. वाटेत ती दोघं एकमेकांशी बोलत नसत. बोलायचं ते एकच होतं आणि ते दोघांनाही पाठ होतं.

सत्त्याऐंशीच्या गणपतीत रस्त्याचं डांबर पुरं झालं. नगरसेवकांनी ठरवलं की उद्घाटन दीड दिवसाच्या विसर्जनालाच करायचं आणि पहिला गणपती राऊळकाकांचा जाईल, कारण वाट त्यांनी काढली. भिंत होती त्या जागी मांडव घातला. बाळाच्या गळ्यात हार पडला, हातात नारळ दिला. समोर टेबलावर पाटावर त्याचा गणपती. गल्ली लोटली होती. ज्युलियाबाईलासुद्धा कुणीतरी खुर्चीवर बसवून आणली होती. शेवंती पुढंच उभी होती, शकूचा हात घट्ट धरून.

"काका, गाऱ्हाणं घाला," नंदकिशोर म्हणाला. "तुमच्या पद्धतीनं. सगळ्यांसाठी."

कोकणात देवापुढं गाऱ्हाणं घालतात. कर्ता माणूस देवाला हाक मारून एकेक मागणं मागतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्याला एका सुरात होकार देतात. रत्नप्रभात अर्धी माणसं कोकणातलीच. उरलेल्यांना पहिल्या होकारात जमलं. बाळानं नारळ दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरा तुझ्या फुडे उभी आसत. तेंनी वाकडी-तिकडी सेवा केली ती गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शकूला हे फार आवडलं. ती प्रत्येक होकाराला उडी मारून ओरडत होती, सगळ्यांच्या अर्धा क्षण मागून. लोक तिच्याकडं बघून हसत होते.

"पोरा शिकतत, तेंका बुद्धी दी. कामधंद्याक जातत, तेंका यश दी. ज्युलियाबायच्या गुडघ्याक उतार पाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या रस्त्यान जो कोण जायत, तो सुखान आपल्या घराक पोचांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाळा थांबला. नंदकिशोरला वाटलं संपलं, त्यानं पाट उचलायला माणसांना खूण केली. पण बाळाचे डोळे मिटलेलेच होते. तो बोलला ते त्याच सुरात, त्याच ठेक्यात.

"आणि माझी शकू आसा, देवा. तिका आमच्या आधी तुझ्याकडे घेवन जा. आमच्यामागे एक दिवससुद्धा तिका ठेव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

होकार सवयीनं गेला, पहिल्याइतकाच मोठ्यानं. मग एकेकाला कळायला लागलं. नंदकिशोरनं तोंडावर हात ठेवला. ज्युलियाबाईनं छातीवर क्रूसाची खूण केली. त्या शांततेत शकू उडी मारून ओरडली, "व्हय म्हाराजा!" आणि आणखी कुणी का ओरडत नाही म्हणून सगळ्यांकडं बघायला लागली.

शेवंती तेवढी सगळ्यांबरोबर त्या होकारात बोलली नव्हती. तिनं शब्द नीट ऐकून घेतले होते. शकूचा हात न सोडता, तो आपल्या हातासकट वर उचलून तिनं देवाला नमस्कार केला आणि म्हणाली, "व्हय म्हाराजा."

बाळानं नारळ फोडला.